सूट घातलेली पुराणं

१९६७ साली एडिंबरामधला एक गवंडी इटालियन सिनेमाचा नायक झाला. भिंतींना गिलावा करणं हा त्याचा धंदा, अभिनयाचा अनुभव शून्य, आणि पात्रता एकच. त्याचं नाव नील कॉनरी होतं आणि पडद्यावरचा जेम्स बाँड शॉन कॉनरी त्याचा थोरला भाऊ होता. निर्मात्यांनी आडपडदा ठेवलाच नाही. सिनेमाचं नावच ठेवलं ‘ओके कॉनरी’.

उसनवारी एवढ्यावर थांबली नाही. ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ची नायिका डॅनिएला बियांकी, ‘थंडरबॉल’चा खलनायक अडोल्फो चेली आणि ‘डॉक्टर नो’मधला अँथनी डॉसन यांना रोममध्ये बोलावलं. बाँडचा वरिष्ठ ‘एम’ रंगवणारा बर्नार्ड ली आणि मनीपेनी झालेली लोइस मॅक्सवेल हेही आले. म्हणजे बाँडचं सगळं गोत जमलं, बाँड तेवढा नव्हता. नील कॉनरीने नील कॉनरी नावाच्याच प्लॅस्टिक सर्जनची भूमिका केली. हा सर्जन संमोहन करतो आणि नुसत्या ओठांच्या हालचालींवरून बोलणं ओळखतो. खलनायकाकडे जगातली सगळी यंत्रं बंद पाडणारं चुंबकीय यंत्र आहे. त्यासाठी लागणारा किरणोत्सारी माल आंधळे विणकर गालिच्यांमध्ये विणतात. शेवटी यंत्रं बंद पडल्यामुळे बंदुका कुचकामी ठरतात आणि चांगली माणसं धनुष्यबाण घेऊन शत्रूच्या तळावर चाल करून जातात. डबिंगच्या वेळी नील आजारी पडला, म्हणून पडद्यावर त्याला आवाजही दुसऱ्याचाच आहे. संगीत मात्र एन्नियो मोरिकोने आणि ब्रुनो निकोलाई यांचं, आणि ते ऐकण्यासारखं आहे.

असले सिनेमे चवीने पाहणाऱ्यांची एक जमात जगभर आहे. हलणारे सेट, तोंडाशी न जुळणारे संवाद, खेळण्यातली पाणबुडी हे सगळं त्यांना पाठ असतं. एवढे चमत्कारिक सिनेमे एकाच काळात एवढ्या संख्येने का निघाले, हे समजायला मात्र बाँडपेक्षा हर्क्युलिसकडे पाहावं लागतं.

१९५८ साली पिएत्रो फ्रान्चिस्की या दिग्दर्शकाने स्टीव्ह रीव्ह्ज या अमेरिकन शरीरसौष्ठवपटूला घेऊन हर्क्युलिसवर सिनेमा काढला. तो अमेरिकेतही धो धो चालला आणि रोमचे स्टुडिओ पुराणपुरुषांनी भरून गेले. हर्क्युलिस, सॅमसन, गोलायथ, पर्सियस. एक सिनेमा चालला की त्याच्यासारखे पन्नास काढायचे आणि प्रेक्षक कंटाळला की दुसरीकडे वळायचं, हा तिथल्या धंद्याचा रिवाजच होता. १९६४-६५च्या सुमारास पुराणपटांचा बहर ओसरला. त्याच वेळी बाँडने युरोपची तिकीटबारी ताब्यात घेतली होती. पुढच्या तीन-चार वर्षांत युरोपात हेरपटांची संख्या शंभराच्या वर गेली, आणि त्यांतल्या बहुतेकांमध्ये कुठे ना कुठे इटलीचा पैसा होता.

या सिनेमांसाठी नवीन माणसं कुणी शोधली नाहीत, कालचीच माणसं कामाला लागली. रिचर्ड हॅरिसन, रॉजर ब्राऊन, ब्रॅड हॅरिस आणि केन क्लार्क हे अमेरिकन नट काल गुडघ्यापर्यंतचा अंगरखा घालून तलवारी परजत होते. आज त्यांनी सूट चढवला आणि काखेत पिस्तूल लटकवलं. केन क्लार्क ‘एजंट ०७७’ झाला, रॉजर ब्राऊन ‘सुपरसेव्हन’ झाला. ‘ओके कॉनरी’चा दिग्दर्शक अल्बर्टो दे मार्टिनो याने चारच वर्षांपूर्वी पर्सियसवर सिनेमा केला होता. नावंही बदलली जात. सर्जिओ ग्रिएको श्रेयनामावलीत ‘टेरेन्स हॅथवे’ होई, सर्जिओ सोलिमा ‘सायमन स्टर्लिंग’ होई. परदेशी वितरकाला सिनेमा इंग्रजी वाटावा, हा हिशोब.

माणसं तीच राहिली, तशा कथाही राहिल्या. मारियो बाव्हाने १९६१ साली हर्क्युलिसला पाताळात पाठवलं होतं. १९६६ साली त्याच बाव्हाच्या सिनेमात व्हिन्सेंट प्राइस हा वेडा शास्त्रज्ञ होऊन आला. तो यंत्राच्या सुंदर मुली बनवतो आणि त्या नाटोच्या सेनापतींकडे पाठवतो. मिठीत घेतलं की मुलीचा स्फोट होतो. आपल्याकडच्या वाचकाला इथे चाणक्याच्या काळातली विषकन्या आठवल्याशिवाय राहणार नाही. अंतोनियो मार्गेरितीच्या ‘ऑपरेशन गोल्डमन’मध्ये खलनायक बिअरचा कारखानदार आहे. समुद्राखालच्या तळावरून तो अमेरिकेची चंद्राकडे निघालेली रॉकेटं पाडतो. शास्त्रज्ञ म्हणजे मयासुर, किरणांचं यंत्र म्हणजे अस्त्र, भूमिगत तळ म्हणजे पाताळ आणि प्लॅस्टिक सर्जरी म्हणजे रूप पालटण्याची विद्या. हेरगिरीचं खरं काम फायली चाळण्याचं, वाट पाहण्याचं आणि कंटाळ्याचं. त्याचा या पडद्यावर मागमूस नाही. हे हेर माहिती काढत नाहीत, ते दैत्य मारतात.

बाकीचं काम काटकसरीने केलं. टेक्निकलर कंपनीच्या इटलीतल्या शाखेने टेक्निस्कोप नावाची पद्धत काढली होती. तिच्यात प्रत्येक चौकटीला चारऐवजी दोनच छिद्रांएवढी फिल्म लागे. निम्म्या फिल्मवर रुंद पडद्याचा सिनेमा मिळे, पण चित्र जरा दाणेदार येई. इटली, फ्रान्स, स्पेन आणि जर्मनी यांनी मिळून सिनेमा काढला की प्रत्येक देशाची सरकारी सवलत पदरात पडे. त्याच्या बदल्यात प्रत्येक देशाचा एकेक नट घ्यावा लागे. सेटवर ज्याने त्याने आपापल्या भाषेत बोलायचं, आवाज मागाहून रोममध्ये भरायचे. पात्रांचे ओठ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे धावतात ते यामुळे. बैरूत, कैरो, इस्तंबूल किंवा लिस्बनला जाऊन विमानतळ, हॉटेल आणि बाजार टिपून घ्यायचे, उरलेली कथा रोममधल्या चार भिंतींत उरकायची. साध्या प्रेक्षकाला विमानप्रवास परवडत नव्हता अशा काळात तिकिटाच्या पैशात तीन देश पाहायला मिळत, हे आकर्षण काही लहान नव्हतं. जर्मन-इटालियन ‘कमिशनर एक्स’ मालिका तर सिलोनपर्यंत आली आणि १९७१च्या शेवटच्या सिनेमात पाकिस्तानात पोहोचली. त्यात मोहम्मद अली आणि झेबा ही तिथली लोकप्रिय जोडी होती.

तोवर रोममधला हा बाजार उठला होता. सर्जिओ लिओनेच्या १९६४च्या ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ने नवा रस्ता दाखवला होता आणि त्याच माणसांनी सूट उतरवून काउबॉयच्या टोप्या घातल्या.

ज्या काळात रोममध्ये हे चाललं होतं, त्याच काळात मद्रासमध्येही जवळजवळ तेच घडत होतं. १९६६ साली ‘गूढाचारी ११६’ हा तेलुगू हेरपट आला. नायक कृष्णा, नायिका जयललिता. पुढच्याच वर्षी त्यावरून हिंदीत ‘फर्ज’ निघाला. जितेंद्र एजंट ११६ झाला आणि त्याच्या पायांतला तो उसळता नाच लोकांनी पहिल्यांदा मनसोक्त पाहिला. दिग्दर्शक होता रविकांत नगाइच. हा मुळात छायालेखक. १९६१ साली एन. टी. रामाराव यांनी रावणाची भूमिका करून दिग्दर्शित केलेल्या ‘सीताराम कल्याणम’चे कॅमेऱ्यातले चमत्कार याच नगाइचचे. दशमुखी रावण पडद्यावर उभा करणारा हात एजंट ११६च्या मोटारी, स्फोट आणि तळघरं उभी करू लागला.

कन्नडमध्ये भक्त कण्णप्पा म्हणून घराघरांत पोहोचलेले राजकुमार १९६८ साली ‘जेडर बले’मध्ये सीआयडी ९९९ झाले. त्याच वर्षी त्यांचा ‘गोवा दल्ली सीआयडी ९९९’ आला. गोवा मुक्त होऊन अवघी सात वर्षं झाली होती. चर्च, किनारे आणि पोर्तुगीज धाटणीचे वाडे यांमुळे परदेशाचं दृश्य देशातच मिळत होतं, व्हिसाही नको आणि परकीय चलनही नको.

कॅमेऱ्यातल्या चमत्कारांची परंपरा महाराष्ट्राला नवी नव्हती. दादासाहेब फाळक्यांनी १९१७च्या ‘लंकादहन’मध्ये हनुमान उडवून दाखवला होता. मुंबई आणि मद्रासच्या स्टुडिओंत ट्रिक फोटोग्राफीचं कसब त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या मुरलं ते पौराणिक सिनेमांतच. १९६२ आणि १९६५च्या युद्धांनंतर सीमेपलीकडचा शत्रू, घरभेदी आणि चोरलेले नकाशे हा रोजच्या वर्तमानपत्राचा मजकूर झाला होता. कथेला विषय वर्तमानपत्राने पुरवला आणि तो पडद्यावर आणण्याचं तंत्र पुराणपटांनी.

मराठी माणसाचा या धंद्याशी एक मजेदार संबंध ‘एजंट विनोद’मध्ये सापडतो. १९७७चा हा हेरपट काढला राजश्रीने, म्हणजे सोज्वळ कौटुंबिक सिनेमांसाठी ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने. महेंद्र संधू नायक. संगीत रामलक्ष्मण या जोडीचं. ही जोडी दादा कोंडक्यांच्या ‘पांडू हवालदार’मधून पुढे आलेली. जोडीतले ‘राम’ म्हणजे सुरेंद्र याच सुमारास वारले आणि नागपूरचे विजय पाटील यांनी जोडीचं नाव एकट्यानेच पुढे चालवलं.

नगाइचने तर हेरांची वंशावळच तयार केली. ‘कीमत’मध्ये ११६ हा आकडा धर्मेंद्रकडे गेला, १९८२च्या ‘रक्षा’त तो जितेंद्रकडे परत आला. मधल्या काळात नगाइचने मिथुन चक्रवर्तीला ‘गनमास्टर जी-९’ केलं. मिथुनला पहिल्याच सिनेमासाठी, मृणाल सेन यांच्या ‘मृगया’साठी, राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. १९७९च्या ‘सुरक्षा’त तोच नट बप्पी लाहिरींच्या ठेक्यावर देश वाचवू लागला. १९८१च्या ‘वारदात’मध्ये खलनायक राक्षसी टोळांची धाड शेतांवर सोडतो आणि सरकारला तिच्यामागे परकीय हात दिसतो. ‘परकीय हात’ हे त्या दशकातल्या राजकीय भाषणांचं आवडतं पालुपद होतं. टोळधाड हे मात्र त्याहून कितीतरी जुनं अस्त्र.

आज हे सिनेमे पाहताना हसू येतं, आणि ते येतं कारण पडद्यावरच्या कुणालाच हसू येत नसतं. कागदाच्या टोळाकडे मिथुन खऱ्या काळजीने पाहतो. हीच गोष्ट ठरवून करायला गेलं की वेगळं काहीतरी हाती लागतं. मिशेल हाझानाविसियस याने २००६ साली फ्रेंच हेर ‘ओएसएस ११७’ला पुन्हा पडद्यावर आणलं. मोटार चालवणाऱ्या नटामागे हलता रस्ता दाखवण्याची जुनी पद्धत त्याने मुद्दाम वापरली. सिनेमा उत्तम जमला, पण तिथलं प्रत्येक हसू दिग्दर्शकाने आधीच मोजून ठेवलेलं आहे. ‘ओके कॉनरी’त आंधळे विणकर किरणोत्सारी गालिचे विणतात, तेव्हा असा हिशोब कुणी केलेला नसतो.

असल्या चमत्कारांना सगळेच हसतात असंही नाही. १९६८ साली ‘आंखें’ या हेरपटाने तिकीटबारी गाजवली. त्यात धर्मेंद्र हेर होता आणि जीवन खलनायक. त्याच वर्षी दिल्लीत ‘रॉ’ ही खरी गुप्तचर संस्था स्थापन झाली. ‘आंखें’चे दिग्दर्शक रामानंद सागर. नगाइच रावणाकडून हेराकडे आला होता, सागर उलट्या दिशेने गेले. १९८७ साली त्यांचं ‘रामायण’ दूरदर्शनवर सुरू झालं. बाणांवर बाण आदळत, आकाशात ठिणग्या फुटत, राक्षस क्षणात रूप पालटत. तंत्र जी-९च्या सिनेमांहून फार पुढचं नव्हतं. तरी कुणी हसलं नाही. रविवारी सकाळी रस्ते ओस पडत आणि कित्येक घरांत मालिका सुरू होण्याआधी टीव्हीला हार घातला जाई.