कँटनचा ‘पिजिन’

१७५७ पासून १८४२ पर्यंत इंग्रज व्यापाऱ्यांस चीनमध्यें कँटन हें एकच बंदर खुलें होतें, आणि परकीयांस चिनी भाषा शिकविणें हें तेथें जिवावरचें काम होतें. १७५९ सालीं जेम्स फ्लिंट या इंग्रजानें चिनी भाषेंत लिहिलेला तक्रार-अर्ज बादशहापर्यंत पोंचविला. त्याला मकाव येथें तीन वर्षें कैद भोगावी लागली. परंतु अर्जाच्या कामीं त्यास साहाय्य करणाऱ्या ल्यू याब्यान या चिनी गृहस्थास देहान्ताची शिक्षा झाली. शिष्य सुटला, गुरु गेला!

अशा स्थितींत भाषा शिकण्याचा भार चिनी दुकानदारावर पडला यांत नवल नाहीं. त्याला ना पंतोजी, ना व्याकरण. स्वस्त छापील चोपड्या मात्र मिळत. त्यांत इंग्रजी शब्दाचा उच्चार चिनी लिपींतच दिलेला असे. वखारींत सदैव कानीं पडणारा ‘बिझिनेस’ हा शब्द त्यानें असाच उचलला. कँटनी भाषेंत अक्षराच्या शेवटीं सकार येत नाहीं आणि घोष ‘ब’ही नाहीं, म्हणून त्याचा ‘पिजिन’ झाला, हेंच मत बहुतेक भाषाशास्त्रज्ञांस मान्य आहे.

उच्चार आखडला, पण अर्थ फैलावला. व्यापार, काम, प्रकरण, ज्याचा त्याचा प्रश्न, सारें ‘पिजिन’! देवधर्म म्हणजे ‘जॉस-पिजिन’, आणि पाद्री म्हणजे ‘जॉस-पिजिन-मॅन’. यांतील ‘जॉस’ हा पोर्तुगीजांच्या देववाचक शब्दाचा अपभ्रंश. (याच बोलींत सरकारी मोहोर किंवा परवाना यांस ‘चॉप’ म्हणत, तो तर आपला ‘छाप’च.) इंग्रज प्रवाशांनीं या बोलीची यथेच्छ थट्टा केली आहे. आम्हांस ती थट्टा उथळ वाटते. ‘यांत तुझा संबंध नाहीं’ असें सांगतांना खुद्द इंग्रजहि ‘बिझिनेस’ हाच शब्द योजतो. म्हणजे ती अर्थच्छटा मूळ शब्दाच्या पोटांत होतीच, चिनी शिकाऊनें ती ओढून पुढें आणली. आपला ‘व्यवहार’ देवघेवीपासून लोकरीतीपर्यंत सर्वत्र संचार करतो, त्यास कोण हसतो?

१८६२ सालीं पेकिंग येथें इंग्रजी शिकविणारी सरकारी शाळा निघाली, आणि पुढें बाजारी बोलीची प्रतिष्ठा, होती नव्हती तेवढी, गेली. शब्द मात्र उरला. दोन परक्या समाजांच्या देवघेवींतून उपजलेल्या कोणत्याहि कामचलाऊ बोलीस भाषाशास्त्रज्ञ आतां ‘पिजिन’च म्हणतात. शिवाय तो जहाजांतून विलायतेसहि परतला. ‘हें माझें काम नव्हे’ या अर्थीं इंग्रज ‘हा माझा पिजिन नव्हे’ असें म्हणूं लागला, आणि लिहितांना त्याचें स्पेलिंग चक्क कबुतराचें करूं लागला.