आश्रयाचे ऋण : स्पॅनिश चित्रपटातील एक परंपरा

स्पेनमधील यादवी युद्ध १९३९ साली संपले. त्याचा हिशेब मात्र घराघरांतून उरला. तो कुटुंबकथेतून मांडणे ही स्पॅनिश चित्रपटाची मोलाची परंपरा होय. व्हिक्टर एरिसे ह्यांच्या 'मधमाश्यांच्या पोळ्याचा आत्मा' (१९७३) ह्या चित्रपटात युद्धानंतर लगेचच एक लहान मुलगी फरारी माणसाला अन्न आणि वडिलांचा कोट नेऊन देते. पुढे तो मारला जातो.

कार्ला सिमोन ह्या दिग्दर्शिकेच्या 'अल्कर्रास' (२०२२) मध्ये आश्रयाची बाजू पालटते. युद्धकाळात सोले कुटुंबाने जमीनदाराला लपवून वाचविले. त्याने केवळ शब्दावर जमीन दिली. आता त्याच्या वारसाला तेथे सौरपट्टे बसवावयाचे आहेत, आणि आजोबांपाशी कागद नाही. पीचच्या बागेवर यंत्र येते.

सिमोन ह्यांनी भूमिका त्याच परिसरातील, अभिनय हा व्यवसाय नसलेल्या माणसांकडून करविल्या व त्यांची कॅटलान बोली कायम ठेवली. तोंडी वचनाची कथा बोलीतच ऐकू यावी, ह्यात औचित्य आहे. फ्रँकोच्या राजवटीने सार्वजनिक जीवनातून दडपलेल्या ह्या भाषेतील चित्रपटाला बर्लिन महोत्सवात 'सुवर्ण अस्वल' मिळाले. गौरव यथार्थच, तथापि चित्रपट शब्दाची साक्ष जपतो, जमीन परत मिळवून देत नाही, ह्याचे भान त्याने स्वतःच राखले आहे.