लाकडी स्टीअरिंगची गोष्ट



मोटारगाडीत हजारो सुटे भाग असतात. त्यांतले बहुतेक चालवणाऱ्याला आयुष्यात कधी दिसतही नाहीत. पण इंजिन सुरू केल्यापासून बंद करेपर्यंत हातात राहतो तो एकच भाग, स्टीअरिंगचे चाक. आज आपण या चाकाचा, त्यातही लाकडी चाकाचा इतिहास पाहू.

महागड्या गाडीत लाकूड असते ते श्रीमंती दाखवायला, असा आपला समज आहे. आजच्यापुरता तो बराचसा बरोबर आहे. इतिहास मात्र वेगळे सांगतो. लाकूड आधी गरज म्हणून आले, मग स्वस्त पदार्थांनी त्याला बाजूला सारले, पुढे शर्यतीच्या मैदानातून ते मानाने परतले, आणि शेवटी माणसाच्या जिवाचा प्रश्न उभा राहिला तेव्हा पुन्हा मागे सरले.

दांड्याच्या जागी चाक

कार्ल बेंझने १८८६ साली ज्या तीनचाकीचे पेटंट घेतले, तिला स्टीअरिंगचे चाक नव्हते. एका छोट्या दांडीने ती वळवायची. त्या काळातल्या बऱ्याच गाड्या होडीच्या सुकाणूसारख्या दांड्यावर चालत. वेग कमी होता तोवर हे निभावले. वेग वाढला तसा खड्ड्यातला प्रत्येक हिसका दांड्यावाटे थेट मनगटात येऊ लागला. जुलै १८९४ मध्ये पॅरिस ते रूआँ अशी मोटारींची स्पर्धा झाली. तिच्यात आल्फ्रेद व्हाशरों याने आपल्या पानार गाडीला दांड्याऐवजी चाक बसवले होते. १८९८ पासून पानार कंपनीने आपल्या गाड्यांना चाक द्यायला सुरुवात केली आणि काही वर्षांत सगळ्यांनी तीच वाट धरली.

चाकाचा फायदा साधा होता. दांडा थोडासाच फिरतो, चाक मात्र दोन-तीन फेरेही घेऊ शकते. त्यामुळे मध्ये गिअर घालून हातावरचा जोर कमी करता येतो. शिवाय दोन्ही हात कामाला येतात.

हे चाक लाकडाचे झाले यात नवल नव्हते. सुरुवातीच्या मोटारींच्या बॉड्या घोडागाड्या बनवणाऱ्या कारागिरांनीच घडवल्या होत्या. लाकूड, पितळ आणि कातडे हाच त्यांचा माल. मधे पितळेचे किंवा लोखंडाचे आरे आणि बाहेर लाकडाची कडी, असे ते चाक असे.

लाकडाला गोल व्हायचे नसते

या कामातली खरी अडचण इथे आहे, म्हणून इथे थोडे थांबू.

लाकूड म्हणजे लांबच लांब तंतूंची जुडी. तंतूंच्या दिशेने ते मजबूत असते, आडवे जोर लावले की फाटते. आता एका रुंद फळीतून कडी कापून काढली तर काय होईल? दोन ठिकाणी तंतू कडीच्या वळणाबरोबर जातील आणि दोन ठिकाणी तिला आडवे छेदतील. त्या दोन जागी कडी बिस्किटासारखी मोडेल.

आपल्याकडच्या सुतारांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. बैलगाडीचे चाक पाहा. तुंबा, आरे आणि बाहेर लोखंडी धाव. धावेच्या आतला लाकडी घेर कधीच अखंड नसतो. तो तुकड्यातुकड्यांनी जोडलेला असतो, म्हणजे प्रत्येक तुकड्यात तंतू शक्य तितके घेराबरोबर धावतात. मोटारीच्या चाकासाठी युरोपातल्या कारागिरांनी वापरलेल्या वाटाही याच जातीच्या होत्या. एक, अ‍ॅश किंवा बीचसारखे लवचीक लाकूड वाफेवर वाकवायचे. दोन, तुकडे जोडून कडी करायची. तीन, पातळ पट्ट्या सरस लावून साच्याभोवती गुंडाळायच्या आणि शिकंज्यात आवळून वाळू द्यायच्या. तिसऱ्या पद्धतीत तंतू पूर्ण घेरभर वळणाबरोबर राहतात, म्हणून ती कडी सर्वांत चिवट होते.

स्वस्ताईचा काळ

यातले प्रत्येक काम वेळखाऊ. हेन्री फोर्डला वेळच वाचवायचा होता. मॉडेल टीचे चाक आधी लाकडी होते. पुढे त्याच्या कारखान्यात गव्हाचा पेंढा, रबर, गंधक वगैरे मिसळून ‘फोर्डाइट’ नावाचा पदार्थ केला गेला आणि चाके साच्यातून निघू लागली. इतरत्र कडक रबर आणि नंतर प्लॅस्टिक आले. १९३०च्या दशकापर्यंत सर्वसाधारण गाडीतून लाकडी कडी जवळजवळ गेली. नवी चाके स्वस्त होती, पण उन्हात त्यांना भेगा पडत आणि घामाने ती निसरडी होत.

तुरिनचा नार्दी

इथे एन्रिको नार्दी या इटालियन माणसाची गोष्ट येते. जन्म १९०७चा. आधी लान्चा कंपनीत, नंतर एन्झो फेरारीबरोबर काम केलेला. १९४० साली फेरारीने स्वतःचे नाव न लावता ‘८१५’ नावाच्या दोन गाड्या मिल्ले मिल्या शर्यतीत उतरवल्या. त्यांतल्या एका गाडीत नार्दी सहचालक होता. दोन्ही गाड्या शर्यत पूर्ण करू शकल्या नाहीत. महायुद्धानंतर तुरिनमध्ये त्याने स्वतःची कार्यशाळा काढली, शर्यतीच्या गाड्या बांधल्या आणि सुटे भाग विकले. गाड्यांनी त्याला फारसे यश दिले नाही. नाव झाले ते लाकडी स्टीअरिंगने. १९५०-६०च्या दशकांत फेरारीसह इटलीतल्या नामवंत गाड्यांना नार्दीची चाके बसू लागली. १९६६ साली तो वारला, चाकाचे नाव मात्र टिकले. इंग्लंडमध्ये मोटो-लिटा कंपनीने याच प्रकारच्या कामात नाव मिळवले. १९६१ची जग्वार ई-टाइप गाडी तर कारखान्यातूनच लाकडी कडीचे चाक घेऊन बाहेर पडली.

शर्यतीच्या चालकाला लाकूड का आवडावे? ते हलके असते. धातूसारखे तापत नाही, गारठतही नाही. बारीक थरथर ते गिळते, पण टायर घसरू लागल्याची खबर हातापर्यंत येऊ देते. पॉवर स्टीअरिंग नसलेली जोंगा डोंगरी रस्त्यांवर चालवलेल्या माझ्या पिढीला ही खबर म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको.

चाक कसे घडते

अ‍ॅल्युमिनियमच्या जाड पत्र्यातून आरे आणि पातळ कडी असा सांगाडा एकसंध कापतात. महोगनी किंवा अक्रोडाचे नीट वाळलेले, मुरलेले लाकूड घेतात. त्याची एक कडी सांगाड्याच्या वर, एक खाली. दोन्हींत सांगाडा बसेल अशी खाच पाडतात, सरस लावतात आणि आरपार रिव्हेट ठोकतात. जुन्या चाकांवर दिसणाऱ्या रिव्हेटच्या टिकल्या शोभेच्या नाहीत. सरसाने दगा दिला तरी लाकूड धातूला धरून राहावे म्हणून त्या आहेत.

मग चौकोनी कडीला गोलाई देतात. यंत्राने ढोबळ काम होते, पण पाठीमागे बोटांसाठीच्या खाचा आणि आरा जिथे लाकडात शिरतो तो सांधा कानशीने आणि पॉलिश पेपरने हातानेच जुळवावा लागतो. इथे कारागीर डोळ्यांपेक्षा तळहातावर जास्त भरवसा ठेवतो. डोळ्याला न दिसणारा उंचवटा हाताला लगेच कळतो, आणि चालवणारा ते चाक पाहणार नाही, धरणार आहे. शेवटी वार्निशचे हात. प्रत्येक हात वाळल्यावर घासायचा आणि पुढचा द्यायचा.

वार्निश चमकेसाठी असते त्याहून जास्त ओलाव्यापासून बचावासाठी असते. एक साधा हिशेब करू. नार्दीच्या एका प्रचलित मापाचे चाक ३९० मिलिमीटर व्यासाचे आहे. म्हणजे घेर सुमारे सव्वा मीटर. उन्हात उभ्या गाडीत तापमान २० अंशांवरून ६० अंशांवर गेले, तर तेवढ्या घेराचे अ‍ॅल्युमिनियम साधारण १.१ मिलिमीटर वाढते. लाकूड तंतूंच्या दिशेने त्याच्या पाचव्या हिश्श्याइतकेही कसेबसे वाढते. उलट पावसाळ्यात लाकूड ओलावा पिऊन आडवे फुगते आणि धातूवर त्याचा काही परिणाम होत नाही. दोघांची ही ओढाताण सरस आणि रिव्हेट वर्षानुवर्षे सहन करतात. जुन्या चाकाला सांध्यावर केसासारखी भेग पडते तिचे कारण हेच.

फौजेत हा प्रश्न आम्ही दुसऱ्या वस्तूत पाहिला. आमच्या वेळच्या भारतीय एसएलआर रायफलचा बट लाकडी होता. लाकूड आणि पोलाद एकत्र, आणि पोस्टिंग आज राजस्थानात तर उद्या नागालँडमध्ये. म्हणून बटाला जवसाचे तेल चोळून जिरवण्याची शिस्त होती. जवानाला ती कटकट वाटे. पण लाकूड हलले की शस्त्राची पकड हलते, हे त्यामागचे कारण. चाकावरच्या वार्निशचे कामही तेच.

जिवाचा प्रश्न

आता दुसरी बाजू. जुन्या गाडीत स्टीअरिंगचा दांडा ताठ आणि अखंड असे. समोरून धडक बसली की तो भाल्यासारखा चालकाच्या छातीवर येई. त्या धडकेत लाकडी कडी फुटली तर तिच्या चिपा होत, आणि मागे उरत ते धातूचे आरे. म्हणून अमेरिकेने १९६८ पासून धक्का शोषून दबणारा दांडा सक्तीचा केला. पुढे १९८०-८१च्या सुमारास मर्सिडीजने एस-क्लास गाडीत चालकासाठी एअरबॅग दिली. भारतात नव्या मोटारींना चालकाची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली.

एअरबॅग चाकाच्या मध्यात बसते. नार्दीच्या उघड्या आऱ्यांच्या सुबक रचनेत तिला जागाच नव्हती. हस्तकलेचे एक चांगले रूप रोजच्या रस्त्यावरून गेले, आणि ते गेले हे योग्यच झाले. कोणतीही कारागिरी चालवणाऱ्याच्या छातीपेक्षा मोठी नाही. हौसेने आजच्या गाडीची एअरबॅग काढून जुन्या पद्धतीचे चाक बसवणारे लोक आहेत, त्यांनी हे ध्यानात घ्यावे. कंपनीने दिलेल्या रचनेत असा बदल आपल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्येही बसत नाही.

आजच्या आलिशान गाडीत लाकूड आहे, पण त्याचे काम बदलले आहे. भार धातूचा सांगाडा घेतो, पकडीच्या जागी कातडे असते आणि वरच्या-खालच्या कमानीवर लाकडाचे पातळ आवरण. लेक्सस कंपनीच्या ‘शिमामोकु’, म्हणजे पट्टेरी लाकडाच्या चाकाचे उदाहरण घ्या. गडद आणि फिकट पापुद्रे एकावर एक चिकटवून त्यांतून पट्टे काढतात. कंपनीने जाहीर केल्याप्रमाणे या कामाला ६७ टप्पे आणि ३८ दिवस लागतात. गरजेपुरते पाहिले तर ते चाक प्लॅस्टिकच्या साच्यातून काही मिनिटांत निघेल. ३८ दिवसांची किंमत मोजणारा गिऱ्हाईक आहे, म्हणून वाळवण्याची, चिकटवण्याची, घासण्याची ही विद्या काही हातांत जिवंत राहिली आहे.

कारागिरी अशीच टिकते. तिची रोजची गरज संपल्यावर कुणीतरी तिचे मोल देणारा लागतो. बैलगाडीचे चाक जोडणाऱ्या आपल्या सुताराला तो मिळाला नाही. ज्ञान दोघांचेही सारखेच होते. तुमच्या गावात, मग ते साताऱ्याजवळचे असो की देवासजवळचे, असा एखादा जुना सुतार असेल तर त्याच्याकडे जाऊन बसा आणि चाकाचा घेर तो कसा जुळवत असे ते विचारा. जमले तर फोनवर चित्रित करून ठेवा. ते कोणत्याही कंपनीच्या माहितीपत्रकात मिळणार नाही.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.