चांगला पगार आणि एक नकार

आयपीएलचा लिलाव झाला की अमुक खेळाडू इतक्या कोटींना ‘विकला गेला’ असे आपण सहज म्हणतो. निदान तो स्वतः नाव देऊन लिलावात उतरलेला असतो. मला मात्र हा शब्द ऐकला की अमेरिकन बेसबॉलपटू कर्ट फ्लड आठवतात. त्यांना कुणी विचारलेच नव्हते.

फ्लड कृष्णवर्णीय होते. उमेदवारीच्या काळात दक्षिणेकडील राज्यांत त्यांना गोऱ्या सहकाऱ्यांबरोबर हॉटेलात जेवता येत नसे. पुढे सेंट लुईस कार्डिनल्सकडून ते बारा हंगाम खेळले. सलग सात वर्षे उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचा ‘गोल्ड ग्लव्ह’ मिळवला, १९६४ आणि १९६७ च्या विजेत्या संघांत होते.

१९६९ मध्ये संघाने त्यांना परस्पर फिलाडेल्फियाला देऊन टाकले. तेव्हाच्या नियमानुसार करार संपला तरी खेळाडूवर संघाचाच हक्क राही. जायचे नसेल तर खेळ सोडायचा, एवढीच मुभा. फ्लड यांनी नकार दिला. २४ डिसेंबर १९६९ रोजी त्यांनी बेसबॉलचे आयुक्त बोवी कुन यांना पत्र लिहिले : मी माणूस आहे, खरेदी-विक्रीची वस्तू नाही, असा त्याचा आशय.

वर्षाला सुमारे ९०,००० डॉलर मिळतात, मग तक्रार कसली, असे लोक म्हणत. पगार चांगला असला म्हणून गुलामगिरी संपत नाही, हे त्यांचे उत्तर होते.

खेळाडूंच्या संघटनेने खटल्याचा खर्च उचलला. निवृत्त जॅकी रॉबिन्सन साक्षीला आले, पण तेव्हा खेळत असलेला एकही खेळाडू आला नाही. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात फ्लड ५ विरुद्ध ३ मतांनी हरले. तोवर त्यांची कारकीर्दही संपली होती; १९७१ मध्ये वॉशिंग्टनकडून जेमतेम १३ सामने खेळून त्यांनी मैदान सोडले होते.

तीनच वर्षांनी, १९७५ मध्ये, दुसऱ्या दोन खेळाडूंच्या प्रकरणात लवादाने तो नियम मोडीत काढला. आजच्या खेळाडूंचे कोट्यवधींचे करार त्यानंतरचे आहेत. फ्लड १९९७ मध्ये वारले. पुढच्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने खेळाडूंच्या हक्काचा कायदा केला आणि त्याला फ्लड यांचे नाव दिले.

‘एवढे मिळते आहे ना, मग गप्प बसा’ हा सल्ला मला चांगलाच ओळखीचा आहे. तुम्हालाही असेल. म्हणून निकालात हरलेल्या या माणसाचे नाव मला आपल्या वाचकांना सांगावेसे वाटले.