सेप्सिस : 'वात' नव्हे, धोक्याची सूचना

घरातील वृद्ध व्यक्तीला दोन-तीन दिवस ताप असतो, लघवीला जळजळ होत असते आणि एका सायंकाळी ती एकाएकी असंबद्ध बोलू लागते. जवळच्या माणसांना ओळखत नाही. 'वात झाला', 'ताप डोक्यात गेला' असे म्हणून घरचे लोक सकाळची वाट पाहतात. ही प्रतीक्षा जिवावर बेतू शकते. कारण जंतुसंसर्ग झालेल्या रुग्णाचे भान हरपणे हे सेप्सिसचे लक्षण असू शकते.

जंतुसंसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद अनियंत्रित होऊन स्वतःच्याच अवयवांना इजा करू लागतो, तेव्हा त्या जीवघेण्या अवस्थेला सेप्सिस म्हणतात. पूर्वी अवयवांचे कार्य बिघडल्यास 'तीव्र सेप्सिस' म्हणत. २०१६च्या व्याख्येनुसार अशा अवस्थेलाच सेप्सिस म्हटले जाते. २०१७ या एका वर्षात जगभरात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख मृत्यू त्याच्याशी निगडित होते, असा अंदाज आहे.

प्रतिकारशक्तीची दोन टोके

जंतूंची चाहूल लागताच पांढऱ्या पेशी 'सायटोकाईन' नावाची संदेशवाहक प्रथिने सोडतात. मर्यादेत असतील तर ती उपकारक. अतिरेक झाल्यास रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा होते, रक्तदाब घसरतो व सूक्ष्म रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात. त्याच वेळी दुसऱ्या टोकाला लिम्फोसाइट पेशी मोठ्या संख्येने नष्ट होतात आणि उरलेल्या पेशी क्षीण होतात. त्यामुळे पहिल्या संसर्गातून सावरलेला रुग्ण दुसऱ्या संसर्गाला बळी पडू शकतो.

मेंदूवर परिणाम कसा होतो?

यासाठी जंतू मेंदूत शिरावेच लागतात असे नाही. मेंदूचे रक्षण करणारा रक्तवाहिन्यांचा अडसर सैल पडतो, दाहकारक द्रव्ये आत झिरपतात आणि मेंदूतील 'मायक्रोग्लिया' या संरक्षक पेशी प्रक्षुब्ध होतात. अपुरा रक्तपुरवठा, तसेच मूत्रपिंड व यकृताच्या बिघाडाने साचलेली विषारी द्रव्ये यांची त्यात भर पडते. काही रुग्ण बरळतात, नळ्या ओढतात; काही मात्र गप्प, झोपाळू होतात. हा दुसरा प्रकार सहज नजरेतून सुटतो.

जीव वाचला तरी परिणाम राहू शकतात. अमेरिकेतील वृद्धांविषयी २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तीव्र सेप्सिसमधून वाचलेल्यांमध्ये स्मृती व आकलनाचा मध्यम ते गंभीर दोष असणाऱ्यांचे प्रमाण ६.१ टक्क्यांवरून १६.७ टक्क्यांवर गेल्याचे दिसले.

उपचार

मेंदूच्या या बिघाडावर स्वतंत्र औषध नाही. योग्य प्रतिजैविके तातडीने देणे, पू साचला असल्यास काढणे, शिरेतून द्रव देणे, रक्तदाब व प्राणवायू सांभाळणे हाच मूळ उपचार होय. गुंगीची औषधे बेताने देणे, रात्रीची झोप जपणे, रुग्णाला त्याचा चष्मा व श्रवणयंत्र देणे आणि ओळखीच्या आवाजात बोलणे यांचाही उपयोग होतो.

संसर्गासोबत जलद श्वास, कमी झालेली लघवी, गार पडलेले हातपाय किंवा बदललेले भान दिसल्यास रुग्णालय गाठावे. वृद्धांना ताप नसतानाही सेप्सिस होऊ शकतो. रुग्ण कालपर्यंत कसा बोलत-वागत होता, हे घरच्यांनाच ठाऊक असते. ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.