अळंबीचे बारसे

मृगाच्या दोन सरी येऊन गेल्या आणि पाठोपाठ ऊन पडले, की उकिरड्यावर, कुंपणाच्या कडेला, कुजक्या ओंडक्यावर एका रात्रीत छत्र्या उभ्या राहतात. आपण सोलापूरकर त्या सर्वांना 'कुत्र्याची छत्री' म्हणतो आणि मोकळे होतो. पांढरी असो की पिवळी, गोडी असो की विषारी, नाव एकच. आपल्या मुलखात पाऊस बेताचा आणि अळंबीची भाजी अपूर्वाईची; तेव्हा अधिक नावांची गरज पडली नाही, हे समजण्यासारखे आहे. कोकणात आणि गोव्यात असे भागत नाही. तेथे अळंबी ताटात येते, आणि जी वस्तू ताटात येते तिला माणूस नीट ओळखतो. गोव्यातील लोक 'रोंयणीची अळमी' वेगळी काढतात. रोंयण म्हणजे वारूळ.

अळंबीची नवी जात शोधली, अशी बातमी अधूनमधून वर्तमानपत्रात येते. येथे जात म्हणजे रोटीबेटीची जात नव्हे, निसर्गातील जात. अशा वेळी नेमके काय घडलेले असते, ते कोणाच्या श्रमाने घडते आणि कागदावर नाव कोणाचे राहते, ह्याचा इतिहास आम्हांला येथे सांगावयाचा आहे. विषय रानातला असला तरी प्रश्न आपल्या ओळखीचा आहे.

प्रथम एवढे ध्यानात घ्यावे, की अळंबी हे झाड नव्हे. ते बुरशीचे फळ आहे. बुरशीचा खरा देह जमिनीत, लाकडात किंवा शेणात बारीक तंतूंच्या जाळ्याच्या रूपाने वर्षभर दडलेला असतो. हवा आणि ओल जुळली की तो फळ धरतो, त्यातून धुळीसारखे बीजाणू उधळतो आणि फळ कुजून जाते. उष्ण मुलखात हे आयुष्य फार थोडे. सकाळी टवटवीत दिसलेली छत्री दुपारपर्यंत किड्यांनी पोखरलेली असते. म्हणून ह्या शास्त्रात जो त्या सकाळी त्या जागी हजर असतो, त्याला मोठी किंमत आहे.

उदाहरणाला वारुळातलीच अळंबी घेऊ. नागपंचमीला आपल्या आयाबहिणी वारूळ पुजतात ती नागासाठी. परंतु वारूळ नागाने बांधलेले नसते. 'आयत्या बिळावर नागोबा' ही म्हण त्यावरूनच पडली. बांधणारी असते वाळवी. आपल्याकडील वाळवीच्या काही जाती वारुळाच्या पोटात चक्क शेती करतात. कामकरी वाळव्या वाळके लाकूड नि पाला खाऊन, अर्धवट पचवून, त्याचे सच्छिद्र पोळे रचतात. त्यावर एक विशिष्ट बुरशी वाढते आणि लाकडातला जो भाग वाळवीला पचत नाही तो पचनी पाडून देते. दोघींची ही भागीदारी सुमारे 3 कोटी वर्षांची जुनी आहे. पावसाळ्यात हीच बुरशी लांबलचक मुळासारखा दांडा वर ढकलते, आणि जमिनीवर छत्री उघडते. ही अळंबी फार चवदार.

रानात वावरणारे लोक हिला पिढ्यान्‌पिढ्या ओळखत होते. परंतु युरोपीय शास्त्राच्या वहीत ती शिरली तुकड्यातुकड्याने. योहान गेरहार्ड कोनिग हा लिनीयसचा शिष्य 1768 साली वैद्य म्हणून तरंगमबाडीच्या डॅनिश वसाहतीत आला. तंजावर भागातील वाळवीविषयी त्याने 1779 साली निबंध प्रसिद्ध केला, आणि वारुळातील त्या बुरशीच्या पोळ्यांची नोंद केली. पुढे सिंहलद्वीपातून, म्हणजे आजच्या श्रीलंकेतून, पेरादेनियाच्या सरकारी बागेचे अधिकारी अळंब्या सुकवून विलायतेस पाठवू लागले. तेथे माइल्स जोसेफ बर्कले नावाचे एक पाद्री त्या तपासून नावे देत. 1847 साली त्यांनी एकीला दिलेल्या नावाचा अर्थ 'चांगल्या मुळाची' असा होता. 1871 साली ब्रूम ह्या सहकाऱ्याबरोबर त्यांनी आणखी एकीला 'बारक्या फळाची' असे नाव दिले. दोन्ही वारुळातल्याच.

बर्कले ह्यांना कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. आयर्लंडात 1845 साली बटाट्याचे पीक सडून उपासमार सुरू झाली, तेव्हा ह्या रोगाचे मूळ एक बुरशी आहे असे 1846 साली ठामपणे मांडणारे ते हेच. ज्याने हजारो बुरशांची वर्णने सूक्ष्मदर्शकाखाली डोळे शिणवून लिहिली, त्याला आयत्या बिळावरचा नागोबा म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु सुकलेल्या अळंबीचा रंग जातो, वास जातो, आकार आक्रसतो. आणि ती वारुळातून उगवली होती की शेणातून, हे चिठ्ठीवर नसेल तर नंतर कळावयास मार्ग नाही. त्यामुळे एकाच बुरशीला दोन-दोन नावे पडली. हा गोंधळ निस्तरला तो जागेवर बसून. टॉम पेच हा इंग्रज संशोधक पेरादेनियातच राहिला, त्याने वारुळे खणून पाहिली, आणि कोणत्या छत्र्या वाळवीच्या पोळ्यातून निघतात ते 1906 साली सविस्तर लिहिले. पुढे 1942 साली रोजे एम ह्या फ्रेंच पंडिताने ह्या सर्वांचे स्वतंत्र कूळ मानून त्यास 'टर्मिटोमायसीस', म्हणजे वाळवीची बुरशी, असे नाव दिले. 1979 साली मद्रास विद्यापीठाचे के. नटराजन ह्यांनी दक्षिण भारतातील ह्याच कुळातली एक जात नवी म्हणून वर्णिली आणि तिला एम ह्यांचे नाव दिले.

आता ह्या बारशाचे नियम पाहावेत. नवी जात असे म्हणणाऱ्याने आधी जुन्या सर्व वर्णनांशी आपली अळंबी ताडून पाहावी लागते. छत्रीचा घेर, खालच्या पडद्यांची मांडणी, दांड्यावरील वळे, कापल्यावर रंग पालटतो की नाही, हे ताज्या फळावर टिपावे लागते. छत्री पांढऱ्या कागदावर पालथी ठेवून रात्रभर झाकली, की सकाळी बीजाणूंचा ठसा उमटतो. त्याचा रंग पाहावा लागतो. एकेक बीजाणू मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजावा लागतो. मग एक नमुना सुकवून सार्वजनिक संग्रहात कायमचा ठेवावा लागतो. 1 जानेवारी 1958 पासून असा मूळ नमुना नेमून दिल्यावाचून नवे नाव ग्राह्य धरले जात नाही. उद्या कोणाला शंका आली तर त्याने तो नमुना मागवून पाहावा, ही त्यातली खुबी. 2013 सालापासून बुरशीच्या प्रत्येक नव्या नावाला नोंदणी क्रमांकही घ्यावा लागतो.

अलीकडे ह्या पुराव्यात पेशींतील जनुकीय द्रव्याच्या तपासणीची भर पडली. 2012 साली त्यातील एक ठरावीक भाग बुरशीच्या ओळखीची खूण म्हणून शास्त्रज्ञांनी मान्य केला. त्यामुळे पुष्कळ जुनी नावे फुटली. कोरड्या मुलखात वारुळावर एक उभट, मिटलेल्या छत्रीसारखी बुरशी उगवते. राजस्थानात तिला खुंबी म्हणून खातात. 1771 साली लिनीयसने दिलेल्या एकाच नावाखाली जगभरची ही बुरशी मोडत असे. आता त्या एका नावाखाली अनेक जाती दडल्या आहेत असे दिसून आले आहे. जगात बुरशीच्या जाती 22 ते 38 लाख असाव्यात, असा 2017 सालचा अंदाज आहे. नाव मिळालेल्या सुमारे दीड लाख. उरलेल्यांपैकी पुष्कळशा आमच्यासारख्या उष्ण देशांतच असणार.

महाराष्ट्रात हे काम अळंबीपासून सुरू झाले नाही. ते पिकांपासून सुरू झाले, आणि ते योग्यच होते. प्रा. एस. एल. आजरेकर हे आपल्या भागातील ह्या शास्त्राचे आद्य पुरुष. ज्वारीच्या कणसातून गोड चिकट रस ठिबकतो त्या रोगावर त्यांनी 1926 साली निबंध लिहिला. भाकरीवर जगणाऱ्या सोलापूर जिल्ह्याला ह्या विषयाचे महत्त्व निराळे सांगावयास नको. 1935 साली उप्पल, पटेल आणि कामत ह्यांनी मुंबई इलाख्यातील बुरशांची यादी छापली. 1946 साली पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन झाली. मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर तिचे पहिले संचालक. 1992 पासून त्या संस्थेला त्यांचेच नाव आहे. तेथील बुरशांच्या संग्रहाला आजरेकरांचे नाव दिले गेले. ह्याच संस्थेने 1980 साली नैर्ऋत्य भारतातील अळंब्यांवर ग्रंथ काढला. त्यातील महाराष्ट्राचा भाग साठे व देशपांडे ह्यांनी लिहिला. आपल्या सह्याद्रीतील अळंबीचा नमुना पाहण्यास विलायतेस जावयास नको, पुण्याचे तिकीट काढले की पुरे, ही केवढी सोय! स्वराज्याचा अर्थ असाही असतो.

तरीही ह्या वहीत एक रकाना रिकामा आहे. नावापुढे वर्णन करणाऱ्याचे आडनाव लागते, चिठ्ठीवर गोळा करणाऱ्याचे नाव असते. परंतु कोणत्या वारुळावर कोणत्या नक्षत्रात ती उगवते, कोणती खावी आणि कोणती टाकावी, हे ज्याने दाखविले, त्या गुराख्याचे, कातकऱ्याचे, बाजारात पाटी घेऊन बसलेल्या बाईचे नाव पुष्कळदा कोठेच नसते. युनियनच्या कामात आम्ही बदली कामगारांचे तंटे पाहिले आहेत. मस्टरवर नाव नाही, म्हणून काम झालेच नाही, असा तेथे युक्तिवाद होतो. सोलापुरी चादरीवर कारखान्याचा शिक्का असतो, विणणाऱ्याचे नाव नसते. शास्त्राने ह्याच वाटेने जावे असे नाही. पेरादेनियाच्या बागेत दे अल्विस नावाच्या घराण्यातील सिंहली चित्रकार नमुन्यांची चित्रे काढीत. बर्कले आणि ब्रूम ह्यांनी 1873 साली, तेव्हा बुरशीत गणल्या जाणाऱ्या एका जीवाला 'अल्विसिया' असे नाव दिले. साहेबाच्या राज्यात एका देशी कारागिराचे नाव शास्त्राच्या वहीत चढू शकले. मग आज ते अवघड का असावे?

कोणी म्हणेल, हे मानापमानाचे झाले. गरिबाला त्याचे काय? त्याला दोन कारणे आहेत. पहिले जिवाचे. गवतावर, बागांतून, मैदानांवर पावसाळ्यात एक मोठी पांढरी, तपकिरी खवल्यांची छत्री येते. ती खाण्याच्या अळंबीसारखी दिसते. पण तिचे पडदे पुढे हिरवट होतात आणि बीजाणूंचा ठसा हिरवा पडतो. ती खाल्ली की जबर वांत्या नि जुलाब लागतात. चांदीचे नाणे काळे पडले तर अळंबी विषारी, नाही तर चांगली, ही समजूत साफ खोटी आहे. नेमकी ओळख हाच उपाय, आणि जाणत्याने ओळखलेली नसेल ती खाऊ नये हे उत्तम. दुसरे कारण पोटाचे. 1974 साली पुरकायस्थ आणि चंद्रा ह्या कलकत्त्याच्या संशोधकांनी बंगालमधील एक पांढरी, भक्कम दांड्याची खाद्य अळंबी नवी जात म्हणून वर्णिली. पुढे कोइमतूरच्या कृषी विद्यापीठाने तिच्या लागवडीचे तंत्र बसविले. हीच आजची 'दुधी अळंबी'. तिला थंडी लागत नाही. तीस-पस्तीस अंश उष्णता तिला मानवते. सोलापूरसारख्या गावात, पेंढ्यावर, एका खोलीत ती पिकते. नाव मिळाले, ओळख पक्की झाली, म्हणून बियाणे करता आले आणि घरबसल्या चार पैसे मिळण्याची सोय झाली. अशा रोजगारात ज्यांनी ज्ञान दिले त्यांचा वाटा मागावयाचा, तर त्यांनी ज्ञान दिले ह्याची नोंद आधी हवी.

ती नोंद करण्याची कायदेशीर जागा आता आहे. 2002 सालच्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने समिती नेमावयाची आणि त्या भागातील जीवांची व त्यांविषयीच्या लोकज्ञानाची नोंदवही तयार करावयाची असते. 1935 पासून 2011 अखेरपर्यंत नव्या जातीचे वर्णन लॅटिनमध्ये दिल्याखेरीज चालत नसे; 2012 पासून इंग्रजीही चालते; मराठी अजून चालत नाही. परंतु ह्या नोंदवहीला मराठी चालते. येत्या पावसाळ्यात ज्याला अळंबी दिसेल त्याने तिचे छायाचित्र घ्यावे; दिवस, गाव, जमीन आणि जवळचे झाड लिहावे; वारूळ असल्यास तसे नमूद करावे; कागदावर ठसा घ्यावा; गावातील म्हाताऱ्यांना तिचे नाव विचारावे. आणि सर्वांत खाली, ती कोणी दाखविली त्याचे पूर्ण नाव, त्याची संमती घेऊन, स्वच्छ अक्षरात लिहावे. मग तो कागद समितीकडे द्यावा आणि त्याची पोच घ्यावयास विसरू नये.