चौपाटी आणि मुरॉक

आमच्या नात्यातल्या मंडळींचा व्हॉट्सॲपवर ग्रुप आहे. त्यावर दर दोन-चार महिन्यांनी शिवकर बापूजी तळपदे येतातच. १८९५ साली त्यांनी गिरगाव चौपाटीवर 'मरुत्सखा' नावाचं विनावैमानिक विमान पंधराशे फूट उंच उडवलं, न्यायमूर्ती रानडे आणि सयाजीराव महाराज बघायला हजर होते, पुढे इंग्रजांनी सगळं दाबून टाकलं... मग राइट बंधूंचा उद्धार. मग मामांचा प्रश्न, "अरे, तू काहीच बोलत नाहीस?" तिथे बोटं दुखवण्यापेक्षा इथेच लिहितो मामा, सावकाश वाचा :)

तळपदे होऊन गेले, यात शंका नाही. जन्म १८६४ चा, मुंबईचे, संस्कृत ग्रंथांचा नाद आणि विमानाचं वेड. त्या काळात असं वेड घेणाऱ्या माणसाबद्दल मला आदरच आहे. पण त्या उड्डाणाचा ना आराखडा हाती आहे, ना छायाचित्र, ना वजनाचा कागद. पंधराशे फूट मोजले कुणी, आणि कशानं? आमच्या पातूरची लेणी साधी असतील, पण कुणीही जाऊन त्यांच्या भिंतीला हात लावून येऊ शकतो.

उड्डाण मोजतात कसं, हे पाहायला मात्र कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात जावं लागतं. तिथे मुरॉकला (आजचा एडवर्ड्स हवाई तळ) रॉजर्स नावाचं कोरडं तळं आहे, सुमारे ४४ चौरस मैलांचं. हिवाळ्यात थोडं पाणी साचतं, वारा ते इकडून तिकडे ढकलत राहतो आणि वाळल्यावर जमीन सारवल्यासारखी सपाट होते. आपल्या काळ्या मातीत उन्हाळ्यात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात, तिथे मात्र इंजिन बंद पडलेलं विमानही उतरवता येतं.

१९४६ साली वॉल्टर विल्यम्स मोजके अभियंते घेऊन तिथे पोचले. ही माणसं नासाच्या आधीच्या सरकारी संशोधन समितीची, म्हणजे एनएसीएची. बेल एक्स-१ हे रॉकेट-विमान बी-२९ च्या पोटाखालून आकाशात सोडत. वेग थोडाथोडाच वाढवायचा आणि दर उड्डाणानंतर यंत्रांनी काय टिपलं ते तपासायचं. ध्वनीच्या वेगाच्या ०.९४ पटीजवळ एक अडचण आली. विमानाचं नाक वर-खाली करणारी शेपटीवरची हलती पट्टी निकामी होऊ लागली. नोंदींवरून कळलं की हवेतली आघातलहर नेमकी त्या पट्टीच्या बिजागरीपाशी येते. तेव्हा पट्टीऐवजी शेपटीचा अख्खा आडवा पंखच किंचित हलवून बघितला. १४ ऑक्टोबर १९४७ ला चक येगर ध्वनीच्या १.०६ पट वेगानं गेले. सिनेमात येगर दिसतात, बिजागरी दिसत नाही. मला बिजागरीच जास्त आवडते.

आणि अपयशही ते मोजतात. एक्स-१५ ची १९५९ ते १९६८ मध्ये १९९ उड्डाणं झाली. त्यातल्या १९१ व्या उड्डाणात, १५ नोव्हेंबर १९६७ ला, मायकेल ॲडम्स गेले. विमान गिरक्या घेत तुटून वाळवंटात विखुरलं. केंद्रातली माणसं सुट्टीच्या दिवशी रानोमाळ हिंडली आणि कॉकपिटमधल्या कॅमेऱ्याची फिल्म शोधून आणली. चौकशीत विजेचा बिघाड, नियंत्रणातली गडबड, वैमानिकाला आलेला दिशाभ्रम, सगळं मांडलं गेलं. विमानाची दिशा जमिनीवरच्या कक्षातही दिसावी, अशी शिफारस त्यातूनच आली.

आपल्याकडेही असं काम झालंय. १९७४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मुकुंद, देशपांडे आणि आणखी तिघांनी 'वैमानिक शास्त्र' हा ग्रंथ तपासला. तो १९०४ च्या आधीचा नाही आणि त्यातली विमानं उडू शकत नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तरी २०१५ च्या मुंबईच्या सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर व्याख्यान झालंच. असो.

त्याच निबंधात तळपद्यांचाही उल्लेख आहे. ग्रंथ सांगणारे सुब्बराय शास्त्री यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी नमुने करून पाहिले, पण एकही उडाला नाही. एवढंच. पंख केवढे होते, जोर कशाचा लावला, आधी काय मोडलं, यातलं काही नाही. ग्रुपवर हा भाग कुणी पाठवत नाही. त्या न उडालेल्या नमुन्यांची एखादी वही मिळाली असती, तर मामा, पंधराशे फुटांपेक्षा मला तिचं जास्त अप्रूप वाटलं असतं.